गालिच्याचं दुसरं टोक

माझा धंदा दुसऱ्यांच्या सुरुवाती लिहिण्याचा आहे. कोल्हापुरात आता भडंगवाल्यापासून टायरवाल्यापर्यंत सगळ्यांना वेबसाइट लागते, आणि वेबसाइट म्हटली की 'आमच्याविषयी' नावाचं एक पान लागतं. ते पान मी लिहून देते. सगळ्यांची सुरुवात एका छोट्याशा खोलीत झालेली असते, सगळ्यांच्या पाठीशी आई-वडिलांचे आशीर्वाद असतात, आणि जिद्दीच्या जोरावर सगळे आज इथवर पोहोचलेले असतात. नावं बदलली की काम भागतं. खोटं सांगत नाही, मला त्या पानांचा वीट आला आहे, पण घर त्यावरच चालतं.

राजनंदिनीचा फोन आला तेव्हा हेही त्यातलंच असणार, असं मी धरून चालले. ती पुण्याला नोकरी करते, नवरा विश्वजितही तिथेच एका कंपनीत आहे. तिच्या सासूबाई शालूबाई गावाकडे गालिचे, जाजमं, सतरंज्या धुऊन देण्याचा व्यवसाय चालवतात. "महापुरातून उभा राहिलेला फॅमिली बिझनेस आहे, ताई," ती म्हणाली. "म्हशींची ती बातमी तुम्ही वाचली असेलच. तिथूनच सुरू करा."

वाचली होती. एकोणीस सालच्या पुरानंतर ती बातमी आमच्याकडे फोनाफोनी फिरली होती. गळ्यातली दावी सोडून मालकानं मोकळ्या केलेल्या सहा म्हशी जीव वाचवून कुठं न जाता परत आपल्याच गोठ्यात आल्या आणि तिथंच बुडून मेल्या. लोक ती वाचून डोळे पुसत होते. मीही पुसले होते.

शिवाजी पूल ओलांडून मी त्या गावात गेले. गावाचं नाव घालू नका, असं शालूबाईंनी नंतर बजावलं, म्हणून घालत नाही. रस्त्यालगत फलक होता: 'हंबीरराव आणि कुटुंब. कार्पेट, गालिचे, सतरंज्या धुऊन मिळतील.' त्याखाली फोटोत चार माणसं एक लाल गालिचा धरून हसत उभी होती. आत अंगणात मात्र एकच बाई होती. साठीच्या आसपासची, काष्ट्याचं लुगडं गुडघ्यापर्यंत वर खोचलेली, पायांत पुरुषी रबरी बूट. तिच्यापुढे भला मोठा ओला गालिचा पसरला होता.

"आलासा?" माझं नावगाव न विचारता ती म्हणाली. "आधी ते टोक धरा."

मी धरलं. पाणी प्यायलेल्या गालिच्याचं वजन काय असतं, ते धरल्याशिवाय कळत नाही. माझे हात खांद्यातून निखळतील असं वाटायला लागलं, आणि मी जोर लावून ओढलं.

"ओढू नका. भांडण हाय व्हय? नुसतं धरा आन माझ्याकडं चालत या."

गालिचा दुमडण्याची रीत अशी आहे. दोघांनी दोन टोकं धरायची, उचलायची, आणि एकमेकांकडे चालत यायचं. मधोमध हाताला हात लागला की एकानं दोन्ही टोकं घ्यायची आणि दुसऱ्यानं खाली वाकून नवी घडी उचलायची. मग पुन्हा तसंच. शेवटच्या घडीला आमचे हात भेटले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "लिवायला आलेल्या ताई न्हवं तुमी? बसा. च्या टाकतो."

आमच्याकडच्या बायका 'टाकतो, जातो, येतो' म्हणतात. बाहेरगावच्या पावण्यांना त्याचं हसू येतं. शालूबाईंच्या तोंडी ते इतकं शोभत होतं, की तो रांगडा आवाज दुसऱ्या कुठल्या क्रियापदाला पेलला नसता.

चहा पिता पिता मी आजूबाजूला बघत होते. जागा मूळची गोठ्याचीच, हे कुणालाही कळलं असतं. सिमेंटची उतरती फरशी, कडेनं पाणी वाहून न्यायची नाली, ओळीनं लोखंडी खांब, एका बाजूला गव्हाण. गव्हाणीत वैरणीऐवजी साबणाचे कॅन ठेवलेले. म्हशी धुवायची मोटर तीच, पाइपही तोच. ज्या जाड ब्रशानं म्हशी घासायच्या, त्याच ब्रशानं आता ताराबाई पार्कातल्या बंगल्यांचे गालिचे घासले जातात. त्या बंगल्यांना हे कळवायची गरज नाही, असं मला वाटतं.

हंबीरराव, म्हणजे शालूबाईंचे यजमान, गेल्या हिवाळ्यात वारले. आयुष्यभर त्यांनी दुधाचा धंदा केला. रोज पहाटे म्हशी घेऊन कोल्हापुरात गंगावेशीत जायचे आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ ग्लास हातात द्यायचे. दिवाळीच्या पाडव्याला शिंगं रंगवून, गळ्यात घुंगुरमाळा घालून त्यांची चांदणी नावाची म्हैस मिरवणुकीत यायची. पुढं हंबीरराव मोटरसायकलवर, मागं चांदणी पळत. त्यांनी हाळी दिली की गर्दीतून वाट काढत ती त्यांच्यापाशी येऊन उभी राहायची. म्हणून तर ती बातमी कुणाला खोटी वाटली नाही. अशा म्हशी परत येणारच, असं सगळं कोल्हापूर म्हणालं.

मी वही काढली आणि ठरलेला प्रश्न विचारला. "आक्का, धंद्याची सुरुवात कशी झाली?"

"राजनंदिनीनं सांगितलं न्हाय? तेच लिवा."

"म्हशी परत आल्या तिथून सुरू करू म्हणते."

त्यांनी कप खाली ठेवला. उठून गव्हाणीपाशी गेल्या, साबणाचा एक कॅन उगीच इकडचा तिकडं केला आणि तिथूनच, माझ्याकडे पाठ करून म्हणाल्या, "त्या परत आल्या न्हवत्या."

मग त्यांनी जे सांगितलं, ते असं.

रेडेडोह फुटल्याची, म्हणजे नदीचं पाणी पात्र सोडून बाहेर पडल्याची, बातमी आली तेव्हा गावानं मनावर घेतलं नव्हतं. पाणी दरवर्षी येतं, दारापर्यंत येऊन फिरतं. त्या वर्षी ते फिरलं नाही. दुपारी माणसं न्यायला बोट आली तेव्हा गल्लीत कमरेएवढं पाणी होतं. बोटीवरची मुलं ओरडत होती, आत्ता निघा, जनावरं सोडून द्या. शालूबाई बोटीत बसल्या. हंबीरराव पाण्यातून गोठ्याकडे गेले. सहाही म्हशींची दावी सोडली, एकेकीच्या पाठीवर थाप मारली आणि बाहेर आले. बोटीतल्यांनी त्यांना दंडाला धरून वर ओढलं. सगळ्यांचीच घाई चालली होती.

पुढं आठवडाभर सगळं गाव कोल्हापुरातल्या एका मंगल कार्यालयात होतं. ज्या हॉलमध्ये लग्नं लागतात तिथं, लाल गालिच्यावर, माणसं ओळीनं झोपली होती. हंबीररावांना तापानं घेरलं. तापात ते एकच विचारायचे, म्हशी कुणाला दिसल्या का. कुणी सांगायचं वडणग्याच्या बाजूला दिसल्या, कुणी सांगायचं उसात उभ्या आहेत. शालूबाई त्यांच्या कपाळावर ओला फडका ठेवायच्या आणि म्हणायच्या, येतील.

पाणी उतरल्यावर बायका आधी गेल्या, घरं उघडायला. हंबीरराव अंथरुणातच होते. शालूबाई एकट्या आपल्या अंगणात शिरल्या. घराकडे न जाता आधी गोठ्याकडे वळल्या, कारण वासानंच सगळं सांगितलं होतं.

गोठ्याचं लोखंडी फाटक बंद होतं. बाहेरून कडी लावलेली होती.

"म्या बगितलं आन माझ्या ध्यानात आलं," त्या म्हणाल्या. "रोज सांजच्याला धार झाली की त्येंचा हात कडीवर जायाचा. शेजारच्याच्या उसात म्हस शिरली की भांडण न्हवं? चाळीस वरसं लावलेली कडी. त्या दिशीबी लावली. दावी सोडली, बाहीर आलं, आन हातानं आपलं काम केलं. त्येंच्या डोक्याला पत्ता न्हाय."

कडी चिखलानं घट्ट बसली होती. शालूबाईंनी दगड घेतला आणि ठोकून ठोकून काढली. फाटक सताड उघडं केलं. मग लोकांना हाक मारली.

गल्लीतली माणसं धावत आली. आत बघितलं. कुणीतरी विचारलं, सोडल्या होत्या ना? शालूबाईंनी सांगितलं, "सोडलेल्या. परत आल्या की. घर वळखत्यात त्या." एवढं एकच वाक्य. त्यानंतर त्यांना काही बोलावं लागलं नाही. वाक्य आपलं आपण चालत निघालं. गल्लीतून गावात, गावातून पेपरात, पेपरातून फोनात. माझ्याही.

इथवर ऐकल्यावर मला वाटलं, नवऱ्याला वाचवायला बोललेलं खोटं, त्यात काय वाईट? मी तसं म्हणालेही. शालूबाईंनी मला मधेच अडवलं.

"ऐका तर पुढं."

हंबीरराव बरे होऊन गावात आले तेव्हा गोठा धुऊन झाला होता आणि फाटक उघडं होतं. जो भेटेल तो त्यांचा हात हातात घेऊन सांगायचा, अशी जनावरं नशिबाला लागतात. पाडव्याला गावातल्या तालमीनं चांदणीचा मोठा फलक लावला आणि हंबीररावांचा सत्कार ठेवला. शाल, नारळ, हार. एका पुढाऱ्यानं माणसापेक्षा मुकं जनावर कसं इमानी, यावर भाषण ठोकलं. हंबीरराव शाल अंगावर घेऊन खुर्चीत बसून होते. घरी आल्यावर त्यांनी शाल काढून ठेवली आणि त्यानंतर बोलणंच टाकलं.

भांडण नाही, राग नाही. जेवायला हाक मारली की यायचे, जेवायचे, परत जाऊन गोठ्यासमोरच्या कट्ट्यावर बसायचे. रिकाम्या गोठ्याकडे तोंड करून. विश्वजित दोन-तीनदा आला, डॉक्टरकडे नेऊन आणलं, गोळ्या झाल्या. पुण्याला चला म्हणाला. मानेनंच नाही म्हणाले. मुलगा तरी किती दिवस रजा काढणार? तो गेला. घरात दोन माणसं आणि त्यातलं एक कट्ट्यावर. शालूबाई सांगत होत्या, पूर आला तेव्हा एवढं भ्या वाटलं न्हाय, जेवढं त्या दिवसांत भरल्या घरात स्वतःच्याच भांड्यांचा आवाज ऐकून वाटलं.

"तेव्हा सांगून का टाकलं नाही?" मी विचारलं.

"काय सांगू? तुमीच मारल्या म्हणून?"

अशात त्या एकदा कोल्हापुरात त्या मंगल कार्यालयावरून चालल्या होत्या. मागच्या बाजूला त्यांना तो लाल गालिचा दिसला, ज्यावर त्या आठवडाभर झोपल्या होत्या. पुरातून आलेल्या माणसांच्या पायांच्या चिखलानं माखून कडक झालेला, गुंडाळून उकिरड्यावर टाकायला काढलेला. शालूबाई तिथंच उभ्या राहिल्या. ह्याला एक माणूस हलवू शकत नाही, हे त्यांनी बघितलं. आणि त्यांच्या डोक्यात आलेलं ते एवढंच होतं. धंदा वगैरे काही नाही. ह्याला दोन माणसं लागतात.

मालकाला म्हणाल्या, द्या मला, धुऊन देतो. मालक हसला, पण टेम्पो दिला.

गालिचा अंगणात येऊन पडला. शालूबाईंनी एक टोक उचललं आणि हाक मारली, "आवो, एकटीला उचलंना. जरा टोक धरा की." हंबीरराव जागचे हलले नाहीत. शालूबाईंनी तो एकटीनं ओढत गोठ्यात नेला, निम्मा आत, निम्मा बाहेर. पाणी मारलं, पुन्हा हाक मारली. उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी तेच. त्यानंतर गालिच्याला वास मारायला लागला. गल्लीतल्या बायका नाकाला पदर लावून जायच्या आणि म्हणायच्या, शालूबाईचंबी डोकं फिरलं वाटतं.

शेवटी एका सकाळी त्या घासता घासता पाय घसरून त्या चिखलात बसल्या आणि तिथंच मोठ्यानं रडल्या. हाक मारायची पण ताकद राहिली नव्हती. डोळे उघडले तर गालिच्याचं दुसरं टोक वर उचललेलं होतं. हंबीरराव ते धरून उभे होते.

"ही सुरवात," शालूबाई म्हणाल्या. "लिवून घ्या पायजे तर."

तो गालिचा स्वच्छ निघाला तसा मालकानं बाकीचेही पाठवले. मग मांडववाले आले, भजनी मंडळाच्या सतरंज्या आल्या, तालमीचं जाजम आलं, रमजानच्या आधी मशिदीतले गालिचे आले. नवरात्राच्या तोंडावर तर अंगणात पाय ठेवायला जागा नसायची. विश्वजित शनिवारी-रविवारी येऊन पाइप धरायचा. राजनंदिनीनं फलक केला, फोटो काढला, फोनवरून गिऱ्हाइकं बघू लागली. फोटोतलं हसणं त्या दिवसापुरतं खरं होतं, असं शालूबाई म्हणाल्या.

हंबीरराव काम करत होते, बोलत नव्हते. 'हूं' आणि 'धर' यापलीकडे नाही. धंदा जरा मार्गी लागल्यावर एक दिवस त्यांनी हातोडा घेतला, गोठ्याच्या फाटकाच्या बिजागऱ्या ठोकून काढल्या, ते लोखंडी फाटक उचलून आडवं केलं आणि चार दगडांवर ठेवलं. कडी अजून त्याला लटकत होती. शालूबाई हातातलं काम टाकून बघत राहिल्या. त्यांना वाटलं, आता बोलणार. हंबीरराव म्हणाले, "ह्यावर टाकत जा. पाणी निथळंल." एवढंच. तेव्हापासून आजपर्यंत प्रत्येक गालिचा त्या फाटकावर निथळतो. मी आले तेव्हाही एक त्यावरच होता, आणि मी त्याला रॅक समजले होते.

वर्षं अशीच गेली. मधे पुन्हा एक पूर आला, तेव्हा अंगणात सोडायला काही नव्हतं. दोघं रोज समोरासमोर उभी राहून टोकं धरायची, रोज एकमेकांकडे चालत यायची, हाताला हात लागायचा आणि दोघंही खाली बघायची. हंबीररावांना वाटायचं तिला माहीत नाही. तिला वाटायचं, फाटक उघडं बघून त्यांचा गैरसमज झाला असेल, बरंच आहे.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात हंबीररावांची छाती दुखायला लागली. डॉक्टरांनी जड काम बंद सांगितलं. ते ऐकणारे नव्हते. एका संध्याकाळी कुणाच्या तरी दिवाणखान्यातला साधाच गालिचा दुमडत होते. दोघं चालत मधोमध आली. हाताला हात लागला. हंबीररावांनी टोक सोडलं नाही.

"शालू, त्या दिशी फाटक उघडंच हुतं न्हवं?"

तिला ऐकू आलं, तरी पटकन कळलं नाही. इतक्या वर्षांनी तो आवाज एवढं मोठं वाक्य बोलला होता.

"व्हय," ती म्हणाली. "उघडंच हुतं."

ते आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. "मग माझ्या हाताला कडी कशी आठवतीया?"

शालूबाईंना पुढं खोटं बोलता येईना. त्यांनी सांगून टाकलं. कडी मी काढली. दगडानं ठोकून काढली. परत आल्या असं मीच पसरवलं.

हंबीररावांनी विचारलं, "म्हंजे तुला ठावं हुतं?"

"पयल्या दिशीपासनं."

त्या म्हणाल्या, ते चिडतील, मारतील, रडतील, सगळ्याची माझी तयारी होती. त्यातलं काहीच केलं नाही त्यांनी. लहान पोरानं विचारावं तसं विचारलं, "मग एवढी वरसं मी एकटाच कशाला हुतो?"

मी वही कधीच मिटली होती. मला त्या सत्काराचा, त्या पेपराचा आणि स्वतःच्या त्या पुसलेल्या डोळ्यांचा एकदम राग आला, पण तो कुणावर काढायचा ते कळेना.

"काय सांगितलंत?"

"काय सांगणार? मला वाटलं, मी झाकलं म्हंजे निवलं. त्येंनीबी तेच क्येलं आसंल. दोगंबी शाणी."

त्यानंतर मात्र हंबीरराव बोलायला लागले. संध्याकाळी काम आटपलं की कट्ट्यावर दोघं बसायची आणि ते म्हशींची नावं घ्यायचे. चांदणी, हरणी, भुरी, गौरा, मोरणी, आणि धाकटी रेडी होती तिचं नाव ठेवायचं राहिलं होतं, ते त्यांनी तेव्हा ठेवलं. ते नाव शालूबाईंनी मला सांगितलं नाही. कोणती कशी धार द्यायची, कोणती कुणावर रागवायची, सगळं बोलायचे. एकदा म्हणाले, म्हशींनी फाटकाला धडका मारल्या असतील. शालूबाई म्हणाल्या, मारल्या असतील. आणि दोघं मिळून रडली. थंडी सुरू झाली आणि ते गेले.

मी विचारलं, "हे लिहू?"

"येबसाइटवर नगो. पोरं हायत. त्येंचं त्येंला म्या सांगीन." मग म्हणाल्या, "पर दुसरीकडं कुटंतरी लिवा. परत आल्या म्हणून उगंच त्या मुक्या जनावरांच्या नावानं शाल घ्येतली. त्येंला बाहीर जायाचं हुतं."

वेबसाइटचं पान मी नेहमीसारखं करून दिलं. राजनंदिनीला आवडलं. म्हशींचा उल्लेख मी टाळला, तेव्हा ती म्हणाली, ताई, तेच तर मेन होतं. मी म्हटलं, सासूबाईंशी एकदा बोल, फोनवर नको, येऊन बोल.

त्या दिवशी निघताना अंगणात अजून एक गालिचा राहिला होता. मी टोक धरायला पुढं झाले. शालूबाई नको म्हणाल्या, तुमाला उशीर हुईल, मी करतो रोज.

"एकट्या कसं करता?"

त्यांनी करून दाखवलं. एका टोकाला म्हशीचं जुनं दावं बांधलं आणि ते गोठ्याच्या खांबाला अडकवलं. दुसरं टोक स्वतः उचललं, ताणून सरळ केलं, आणि दोन्ही हातांत धरून खांबाकडे हळूहळू चालायला लागल्या.

"हे असं," चालता चालता त्या म्हणाल्या. "मी जातो चालत. तिकडनं कोण येत न्हाय, एवढंच."